निनावी निरोप

५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग औरंगाबादला आले आणि वाळूजच्या माळावर उभ्या राहिलेल्या बजाज ऑटोच्या नव्या कारखान्याचे त्यांनी उद्घाटन केले. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासात ही तारीख ठळक अक्षरांत लिहिली जाते आणि ते रास्तच आहे. गंगापूर, पैठण, फुलंब्रीकडची आयटीआय झालेली पोरे पाळीला जाऊ लागली ती त्यानंतर. पुढच्याच वर्षी बजाजची एम-८० बाजारात आली आणि दूधवाल्यांच्या कॅनी तिच्यावर लटकू लागल्या.

उद्घाटनाला तीन महिने होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९८६मध्ये, अमेरिकेतल्या डेट्रॉइटला मोटार अभियंत्यांची परिषद भरली. तिथे रॉबर्ट बॉश या जर्मन कंपनीच्या उवे कीनके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध सादर केला. मोटारीच्या आतल्या यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम त्यात होते. त्याची बातमी औरंगाबादला आली नाही. यायचे काही कारणही नव्हते. वाळूजला तेव्हा बनत होत्या त्या गाड्यांत बोलण्यासारखे यंत्र एकही नव्हते. पण आज फुलंब्रीच्या चौकात येऊन थांबणारी बहुतेक प्रत्येक नवी मोटार त्या निबंधातल्या नियमांनी आतल्या आत बोलत असते. डेट्रॉइटचे ते बोलणे फुलंब्रीच्या अजिंठा रस्त्यापर्यंत कसे पोहोचले, याचा माग काढताना एक गोष्ट सारखी समोर येते. ते हौसेने आले नाही, कायद्याच्या धाकाने आले. आणि येताना आपला एक जन्मजात भाबडेपणाही बरोबर घेऊन आले.

बॉश हे नाव आपल्याकडे तेव्हा कोणी घेत नसे. आपण म्हणायचो 'मायको'. मोटर इंडस्ट्रीज कंपनी ही बॉशचीच भारतातली शाखा, आणि तिच्या नाशिकच्या सातपूरमधल्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल बनत. ट्रॅक्टरपासून ट्रकपर्यंत ज्याचे-त्याचे इंजिन मायकोच्या नोझलवर चाले, आणि तालुक्याच्या गावात 'मायकोचा पंपवाला' हा डॉक्टरइतकाच मानाचा माणूस असे. तिकडे यंत्रांच्या बोलण्याची भाषा घडवणारी कंपनी आणि इकडे नोझल विकणारी कंपनी एकच होती. २००८ साली मायकोने बॉश हेच नाव घेतले, तेव्हा कुठे पाटीवरून ते कळले.

त्या काळातली गाडी आठवून पाहा. औरंगाबादहून सावंगी, चौका घाट, फुलंब्री, आळंद, सिल्लोड अशी जाणारी काळी-पिवळी जीप. आत माणसे किती, हा प्रश्न विचारायचा नाही. तिच्या विजेच्या कामाचा हिशेब मात्र सोपा होता: एका कामाला एक तार. हॉर्नचे बटण दाबले की हॉर्न वाजे. ब्रेकवर पाय पडला की मागचा दिवा लागे. डिझेलच्या काट्याला टाकीतल्या तरंगत्या डब्याकडून एक तार येई. इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरजच उरत नसे. बंद करायला डॅशबोर्डाखालची दोरी ओढायची, की पंपाचे डिझेल तुटे. बॅटरी उतरली तर प्रवासी उतरून धक्का देत आणि पुन्हा आपापल्या जागी कोंबून बसत. वायरमनकडे एक टेस्ट लॅम्प असला की पुरे. एक टोक बॉडीला, दुसरे तारेला. दिवा लागला तर वीज इथपर्यंत आली, नाही लागला तर मागे चला. तार बोटाने चाचपत मूळ गाठता येत होते.

युरोपातल्या महागड्या गाड्यांत मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीला गर्दी व्हायला लागली होती. १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचे एबीएस आले. चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेक क्षणाक्षणाला सैल-घट्ट करणारी ही यंत्रणा होती. इंजिनात पेट्रोल मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक पेटी त्याआधीच आली होती. मग आपोआप बदलणाऱ्या गिअरची पेटी आली, काचांची आली, सीटची आली. प्रत्येक पेटीला दुसरीकडचे काही ना काही हवे. गिअरच्या पेटीला इंजिनाचे फेरे हवेत, एबीएसला इंजिनाचा जोर कमी करून हवा. जुन्या रीतीने प्रत्येक गरजेला एक तार टाकत गेले की दोन पेट्यांत दोन-चार तारा पुरतात, दहा पेट्यांत जाळे होते. दाराच्या बिजागरीतून जाणारा जुडगा इतका जाड होई की दार उघडता-मिटता तारा तुटत. तांब्याचे वजन वाढे, जोड वाढत, आणि बिघाड शोधणे हा वेगळाच धंदा होऊन बसे.

१९८३मध्ये बॉशने यावर काम सुरू केले. त्यांचा तोडगा असा: सगळ्या पेट्या एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारांवर जोडायच्या आणि सगळे बोलणे त्या दोन तारांवरून करायचे. या व्यवस्थेला 'कॅन' म्हणतात. पीळ घालण्यामागे युक्ती आहे. बाहेरचा विजेचा गोंगाट, म्हणजे स्पार्क प्लगचा किंवा अल्टरनेटरचा, दोन्ही तारांवर सारखाच पडतो. ऐकणारी पेटी दोन तारांमधला फरक तेवढा पाहते, त्यामुळे तो गोंगाट आपोआप वजा होतो. तारा स्वस्थ असल्या की दोन्हींवर अडीच व्होल्टच्या आसपास. कोणी बोलू लागले की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते.

आता एकाच तारेवर दोघे एकदम बोलू लागले तर? कॅनची खरी बुद्धी इथे दिसते. ती गावकीच्या बैठकीसारखी चालते, पण शिस्तीच्या बैठकीसारखी. दोघांनी एकदम तोंड उघडले तर ज्याचा विषय कमी महत्त्वाचा तो तत्क्षणी गप्प होतो, आणि गंमत म्हणजे दुसऱ्याचा एक शब्दही वाया जात नाही. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला ११ बिटांचा एक क्रमांक असतो; क्रमांक जितका लहान तितका मान मोठा. तारेवर शून्य आणि एक यांची गाठ पडली तर शून्य जिंकते. बोलणारी पेटी बोलता बोलता तारही ऐकत असते. आपण 'एक' म्हटले आणि तारेवर 'शून्य' दिसले, म्हणजे आपल्याहून मोठे कोणी बोलते आहे हे तिला कळते आणि ती माघार घेते. ब्रेकचा निरोप आणि काचेचा निरोप एकाच क्षणी निघाले तर ब्रेकचा पुढे जातो, काचेचा मिलिसेकंदभर मागे थांबतो. एका निरोपात जास्तीत जास्त आठ बाइट मजकूर. त्यामागोमाग पडताळणीचा आकडा. कोणालाही निरोप चुकीचा ऐकू आला तर तो तिथल्या तिथे मोडून टाकतो आणि निरोप पुन्हा पाठवावा लागतो. एखादी पेटी वारंवार चुकू लागली तर आपल्या चुका ती स्वतःच मोजते आणि मर्यादा ओलांडली की आपण होऊन बोलणे बंद करते. ही शेवटची अट आपल्या ग्रामसभांना लागू केली तर बरे, असे कोणाच्याही मनात येईल.

पण या नियमांत एक जागा मोकळी राहिली. निरोपावर विषय असतो, पाठवणाऱ्याचे नाव नसते. 'इंजिनाचे फेरे २१००' असा निरोप येतो. तो इंजिनाच्या पेटीनेच पाठवला का, हे विचारायची सोय नाही. १९८६मध्ये ही उणीव नव्हती, सोय होती. नाव नसल्यामुळे नवी पेटी जोडताना जुन्यांना काही सांगावे लागत नाही. ज्याला ज्या विषयात रस, त्याने तो ऐकावा. आणि खोटे बोलायला आत येणार कोण? गाडीचे दार बंद, बॉनेट बंद, तारा पत्र्याच्या आत.

१९८७मध्ये इंटेलने या भाषेची पहिली चिप काढली, पाठोपाठ फिलिप्सने काढली. १९९१मध्ये मर्सिडीजचा नवा एस-क्लास कॅन घेऊन रस्त्यावर आला. त्याच वर्षीच्या जुलैत मनमोहन सिंग यांनी आपला तो गाजलेला अर्थसंकल्प मांडला. तेव्हा फुलंब्रीत कोणाच्या दारात मोटार असणे हीच बातमी होती, मग ती आतून बोलते की मुकी आहे, हे कोण पाहतो.

भाषा गाडीबाहेर यायला धूर कारणीभूत झाला. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेला कंटाळलेल्या कॅलिफोर्नियाने कंपन्यांना सांगितले की नवी गाडी स्वच्छ असून भागणार नाही, ती पुढेही स्वच्छ राहते की नाही हे तिने स्वतः सांगितले पाहिजे. धूर वाढवणारा बिघाड झाला की डॅशबोर्डावर दिवा लागावा, बिघाडाचा क्रमांक साठवला जावा, आणि तो कोणालाही वाचता यावा म्हणून स्टिअरिंगखाली एकाच मापाचे, १६ पिनांचे सॉकेट असावे. १९९६पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचे झाले. ओबीडी म्हणतात ते हेच. पत्र्याच्या आत मिटलेल्या तारांना पडलेली ही पहिली खिडकी. हेतू चांगला होता. खिडकीतून आतही बोलता येते, हा विचार तेव्हा फारसा कोणाच्या डोक्यात नव्हता.

भारतात हा धागा एका मराठी माणसाच्या हातून आला. दिल्लीच्या हवेवरून सर्वोच्च न्यायालयात खटले चालू होते, गाड्यांना युरोपचे निकष लावायचे की नाही यावर कंपन्या आणि पर्यावरणवाले भांडत होते. केंद्राने २००१मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. गोव्यातल्या माशेलचा हा शास्त्रज्ञ तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक होता. ऑगस्ट २००२मध्ये समितीचा अहवाल आला आणि त्यातल्या वेळापत्रकावर पुढची दहा वर्षे देश चालला. एप्रिल २००५पासून देशभर 'भारत स्टेज' या धुराच्या निकषांची पायरी दोन आणि ११ मोठ्या शहरांत तीन. २०१०पासून देशभर तीन आणि शहरांत चार. त्या ११ शहरांत मुंबई होती, पुणे होते. औरंगाबाद नव्हते. २०१०मध्ये यादी १३वर गेली तेव्हा सोलापूरचा नंबर लागला, औरंगाबाद तरीही बाहेरच. मोटारी बनवणारा जिल्हा आणि नियमाने मागच्या रांगेत! तक्रार करण्याजोगे हे होतेच, पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर अजिंठा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांना आणखी काही वर्षे टेस्ट लॅम्पवर काढता आली.

त्याआधीच, २००१मध्ये, जालना रस्त्यावरच्या शेंद्रा एमआयडीसीत चेक कंपनी स्कोडाने ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली होती. ही गाडी फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फच्याच सांगाड्यावर उभी, आणि त्या सांगाड्याच्या पोटात कॅन होती. इंजिन आणि एबीएस दोन तारांवर बोलत. म्हणजे डेट्रॉइटचा निबंध पंधरा वर्षांनी शेंद्र्यात पोहोचला तो चेक देशातून, खोक्यांत भरून. वाटेत चिकलठाण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे लालपरीचे सांगाडे हाताने ठोकून, रिव्हेट मारून उभे राहत होते, आणि काही किलोमीटर पुढे ऑक्टाव्हियाला लॅपटॉप लावून तपासले जात होते. एकाच रस्त्यावरच्या या दोन कारखान्यांत निदान पंचवीस वर्षांचे अंतर होते, आणि दोन्हीकडे आपलीच पोरे कामाला होती.

ऑक्टोबर २०१० औरंगाबादकर विसरणार नाहीत. शहरातले उद्योजक, डॉक्टर, व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. ६५ कोटींचा सौदा. स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिले. देशभर फोटो छापून आले. डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त याच गाड्यांवर लिहिले आणि विचारले की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून चढ्या व्याजाने कर्ज का? प्रश्न बोचरा होता आणि अजून त्याचे नीट उत्तर कोणी दिलेले नाही. आपल्या कथेपुरते एवढेच: १९९१मध्ये मर्सिडीजने सुरू केलेली ती भाषा एका दिवसात दीडशे तोंडांनी औरंगाबादेत बोलू लागली. बिघडल्यावर ती समजणारा माणूस मात्र कंपनीच्या वर्कशॉपखेरीज कुठेच नव्हता.

पुढची पावले भराभर पडली. भारत स्टेज चारच्या मोटारींना २०१०मध्ये ओबीडीची पहिली पायरी आणि एप्रिल २०१३पासून दुसरी सक्तीची झाली. जानेवारी २०१६मध्ये सरकारने पाचवी पायरी गाळून थेट सहावर उडी घ्यायचे ठरवले. २९ मार्च २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १ एप्रिलपासून स्टेज तीनची गाडी विकायची नाही. देशात आठ लाखांवर गाड्या पडून होत्या, बहुतेक दुचाकी. ३० आणि ३१ मार्चला शोरूमबाहेर ज्या रांगा लागल्या त्या अजून लोकांच्या लक्षात आहेत. सवलतीत मिळते म्हणून एकाने घ्यायची ती दोन घेतली. हातांनी दुरुस्त होणाऱ्या साध्या गाड्यांवरची ती शेवटची झुंबड म्हणायला हरकत नाही.

१ एप्रिल २०२०ला, ऐन टाळेबंदीत, स्टेज सहा आले. आता कार्बोरेटर बहुतेक दुचाकींवरूनही गेला. शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलला पेट्रोल मोजून सोडणारी पेटी आली, सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आला, सीटखाली तपासणीचे सॉकेट आले. २०२३ आणि २०२५मध्ये त्याच्या आणखी कडक पायऱ्या आल्या. मर्सिडीजवाल्याची गोष्ट आता दूधवाल्याच्या दारात आली.

गॅरेजात काय बदलले? नाकाने आणि कानाने निदान करणारे जुने मिस्त्री एकदम म्हातारे झाले. त्यांच्या पोरांनी स्कॅनर घेतला. आधी निळ्या रंगाची स्वस्त चिनी डबी, जी सॉकेटला लावली की मोबाइलवर क्रमांक दिसतात; मग जरा बरा, हातभर लांबीचा. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात ठिणगी चुकते, 'पी ०४२०' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकला. हे क्रमांक आता पाढ्यांसारखे पाठ असतात. 'कोड उडवून देतो' हा नवा वाक्प्रचार रूढ झाला. बिघाड तसाच ठेवून दिवा तेवढा विझवायचा, असा त्याचा अर्थ बऱ्याचदा असतो, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. जाणते वायरमन आणखी एक गोष्ट करतात. बॅटरी काढून सॉकेटच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनवर मीटर लावतात. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, दोन्ही मिळून मीटर ६० दाखवायला हवा. १२० दाखवला तर तार कुठेतरी तुटली. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, बहुधा उंदराची कृपा. टेस्ट लॅम्पचा वारसा या साठाच्या आकड्यात टिकून आहे.

नव्या डिझेल गाड्यांचे दुखणे निराळेच. काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, तापून स्वतःला जाळून साफ करते. पण त्यासाठी गाडी काही वेळ वेगात चालावी लागते. शेत ते घर, घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असल्या की जाळी भरते आणि दिवा लागतो. मग मिस्त्री सांगतो, सावंगीवरून समृद्धीला चढा आणि जालन्यापर्यंत जाऊन या. औषध म्हणून महामार्ग!

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, आणि अजिंठा रस्त्यावरच सावंगीला त्याची चढायची-उतरायची जागा आली. फुलंब्रीकरांसाठी गाडीचे बाहेरच्या जगाशी बोलणे इथे डोळ्यांना दिसू लागले. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलच्या कमानीवरून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर ती चिठ्ठी जागी होते, आपला क्रमांक परत पाठवते आणि पुन्हा झोपते. राष्ट्रीय महामार्गांवर १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून ती सक्तीची झाली होती. समृद्धीवर चढताना एकदा आणि उतरताना एकदा ती वाचली जाते, मधल्या अंतराचे पैसे कापले जातात. सुरुवातीला मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे.

याच महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. जुलै २०१९नंतरच्या प्रत्येक नव्या मोटारीत ८० ओलांडले की टिकटिक सुरू होते आणि १२०ला ती थांबतच नाही. हा आवाज कुठून येतो ते पाहण्यासारखे आहे. चाकाजवळच्या सेन्सरवरून एबीएसची पेटी वेग काढते आणि दोन तारांवर टाकते. तो एकच निरोप काटा ऐकतो, टिकटिक करणारी पेटी ऐकते, दारे आपोआप लावणारी ऐकते, आणि काही गाड्यांत गाण्याचा आवाज वाढवणारीही ऐकते. पाठवणारीला हे कोणीच माहीत नसतात.

जानेवारी २०१९पासून नव्या प्रवासी वाहनांना ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटाचे बटण बंधनकारक झाले. तीनचाकींना त्यातून सूट मिळाली. त्याच वर्षी ह्युंदाईची व्हेन्यू आणि एमजीची हेक्टर सिम कार्ड घेऊनच बाजारात आल्या. फोनवरून दार उघडा, घरबसल्या एसी लावा. जाहिराती आकर्षक होत्या. पण सिम कार्ड आले याचा अर्थ पत्र्याला आता अशी खिडकी पडली की जिच्याबाहेर सगळे जग उभे आहे, आणि आतली भाषा अजून १९८६चीच, बोलणाऱ्याचे नाव न विचारणारी.

त्याचा अर्थ अमेरिकेला २०१५च्या जुलैत कळला होता. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोघांनी सेंट लुईस शहरात, मिलरच्या घरात बसून, कित्येक मैलांवर महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा वेग काढून घेतला. गाडी चालवणारा 'वायर्ड' मासिकाचा बातमीदार अँडी ग्रीनबर्ग त्यांच्या संमतीनेच त्या प्रयोगात सामील होता. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी मंदावली तेव्हा तो घाबरला ते मात्र खरे. त्यांनी मोबाइलच्या जाळ्यातून गाडीच्या संगीतयंत्रणेत शिरकाव केला, तिथून कॅनवर बोलणाऱ्या चिपचा कार्यक्रम बदलला, आणि मग निरोप सोडले. गाडीने ते पाळले. न पाळायला तिच्याकडे कारणच नव्हते. जीप बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरने १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या. दोन वर्षांनी याच कंपनीने पुण्याजवळ रांजणगावला जीप कंपासचे उत्पादन सुरू केले, तेव्हा हा धडा तिच्या गाठीशी होता.

२०२२मध्ये लंडनमध्ये तर मोबाइलचे जाळेही लागले नाही. मोटारसुरक्षेचाच अभ्यास करणाऱ्या एका माणसाची टोयोटा चोरांनी पळवली. त्यांनी पुढच्या दिव्याजवळचे प्लास्टिक ओढून तिथली कॅनची तार गाठली आणि ब्लूटूथ स्पीकरच्या रूपातल्या एका डबीतून 'किल्ली ओळखली, दार उघड' असा निरोप सोडला. दार उघडले. दिवा काय आणि किल्ली काय, तारेला सगळे सारखेच.

मग कुलपे आली. संयुक्त राष्ट्रांच्या मंचाने जून २०२०मध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेचा नियम मंजूर केला. निरोपाला आता गुप्त किल्लीवरून काढलेली सही जोडायची, म्हणजे सही नसलेला निरोप ऐकायचाच नाही. जुन्या आठ बाइटांत सही बसवणे म्हणजे पोस्टकार्डावर करारनामा लिहिण्याचे काम. म्हणून मोठे निरोप वाहणारी नवी कॅन आणि मोटारींसाठीचे इथरनेट वापरात येत आहे. या सगळ्याचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांत रवी पंडित आणि किशोर पाटील यांच्या पुण्याच्या केपीआयटीचाही हात आहे. पेट्यांच्या आज्ञावलीची सामाईक घडण ठरवणाऱ्या ऑटोसार या २००३च्या जागतिक संघटनेत ही कंपनी आहे.

आणि कुलूप लागले की ते चोर आणि मिस्त्री यांत फरक करत नाही. फियाट क्रायस्लरने २०१८पासून ओबीडीच्या सॉकेटमागे पहारेकरी पेटी बसवली. नोंदणी केलेला स्कॅनर असेल तरच पुढे जाता येते. नाहीतर क्रमांक वाचता येतात, बदल करता येत नाही. इतर कंपन्याही त्याच वाटेने निघाल्या. तालुक्याच्या गावात पोराने उसनवारी करून घेतलेला स्कॅनर एके दिवशी 'परवानगी नाही' म्हणतो, आणि मग नवा बंपर बसवल्यावर त्याच्या सेन्सरची ओळख करून द्यायलाही गाडी शहरात न्यावी लागते. भाबडी व्यवस्था गरिबाला परवडत होती आणि सावध व्यवस्था श्रीमंताला परवडते, असे माझे मत आहे; ते चुकीचे ठरले तर मला आनंदच होईल. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही तिच्या यादीत आहेत. वर्षअखेरीस एक संकेतस्थळही सुरू झाले. कंपन्यांना कुलपाच्या किल्ल्या द्यायला लावणारा कायदा मात्र वेगळी गोष्ट आहे.

अवजारांचे नाव यादीत आले ते उगाच नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी जॉन डिअरच्या ट्रॅक्टरांच्या कुलपांविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा केला आणि जानेवारी २०२३मध्ये कंपनीने त्यांच्या महासंघाशी दुरुस्तीबद्दल समझोता केला. तिचा इथला कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. त्याच महिन्यात, १ जानेवारी २०२३पासून, भारतात ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. त्यांच्यात डिझेल सोडायला संगणकाची पेटी आणि तिच्याबरोबर कॅन आली. ५० एचपीपर्यंतचे ट्रॅक्टर त्या नियमाबाहेर राहिले, आणि देशात विकले जाणारे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याच मापाचे असतात. फुलंब्री तालुक्यातल्या मक्याच्या आणि कपाशीच्या रानांत चालणारेही बहुतेक तेच. त्यांचा पंप बिघडला तर तो अजून खोलून टेबलावर मांडता येतो.